परळ ते डोंबिवली: घर शोधण्यात गेलेले नऊ महिने

२०२४ च्या ऑगस्टमध्ये घरमालकांचा फोन आला की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, एप्रिलअखेर तुमचं अग्रीमेंट संपलं की पुढे वाढवता येणार नाही. आम्ही परळला लिव्ह अँड लायसन्सवर राहायचो, खोली आणि किचन, भाडं ३० हजार. घरात चार माणसं: मी, नवरा, चौथीतली लेक आणि सासूबाई. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं ऐरोलीला. सासऱ्यांचं आयुष्य गिरणीत गेलं, त्यांच्या नावाचा गिरणी कामगारांच्या म्हाडा लॉटरीचा अर्ज आहे पण नंबर अजून लागलेला नाही, आणि आईंचं (सासूबाईंना मी आईच म्हणते) सगळं आयुष्य परळ-लालबागमध्येच गेलेलं. त्यामुळे मुंबईबाहेर जायचं हे शब्द घरात पहिल्यांदा निघाले त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही.

हे सगळं लिहून ठेवतेय कारण त्या महिन्यांमध्ये मला हवी असलेली माहिती कुठे एकत्र मिळत नव्हती. ज्याला विचारावं तो स्वतः राहतो तेच उपनगर कसं बेस्ट हे सांगायचा.

आधी हिशोब केला. दिवाळीपर्यंत एवढं ठरलं की परत भाड्याने जायचं नाही, दर दोन-तीन वर्षांनी सामान उचलून आईंना नवीन जिने चढायला लावायचे नाहीत. बचत, माझ्या पीएफमधून मिळणारे पैसे आणि थोडं सोनं धरून साडेसतरा लाख होत होते. बँकेत विचारलं तर कळलं की ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, ब्रोकरेज हे सगळं आपल्या खिशातून. म्हणजे घर ५५ लाखांच्या आतच बघायचं होतं. हे आधी करून घ्या, कारण एकदा का सॅम्पल फ्लॅट बघितला की पाच लाख इकडे तिकडे काहीच वाटेनासे होतात.

मग चार नावं कागदावर आली: विरार, पनवेल, बदलापूर आणि डोंबिवली.

विरार पहिल्याच आठवड्यात गळलं. मला चर्चगेटवरून चालत ऑफिस गाठता आलं असतं पण नवऱ्याला रोज विरारहून ऐरोली शक्यच नव्हतं. पनवेलवर मात्र आम्ही पूर्ण नोव्हेंबर घालवला. नवऱ्यासाठी ते छान होतं, पनवेल-ठाणे ट्रान्सहार्बरची थेट गाडी ऐरोलीवरून जाते. मला हार्बरने सीएसएमटीपर्यंत साधारण ८० मिनिटं, सगळ्या स्टेशनांना थांबत, पण गाडी तिथूनच सुटते त्यामुळे बसायला मिळतं. अडचण अशी की आमच्या बजेटमध्ये स्टेशनजवळ काही येत नव्हतं, येत होतं ते करंजाडेच्या बाजूला, आणि तिथे आम्ही तीन वेळा गेलो तर तिन्ही वेळा सोसायट्यांच्या दारात पाण्याचे टँकर उभे. विमानतळ आला की भाव दुप्पट होणार असं प्रत्येक एजंट सांगायचा. आम्हाला भाव वाढून काय करायचं होतं, आम्हाला तिथे राहायचं होतं.

इथपर्यंत एक चूक आमच्याकडून झाली होती ती लिहिते, म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही सगळीकडे रविवारी जात होतो. रविवारी मेगाब्लॉक असतो, ऑफिसची गर्दी नसते, रस्ते रिकामे असतात, माणसं दारात निवांत बसलेली असतात. त्या दिवशी गाव बघून काही कळत नाही. डिसेंबरपासून आम्ही एकेक दिवस रजा टाकून कामाच्या दिवशी जायला लागलो. बदलापूरला नवऱ्याची मामेबहीण राहते, तिच्याकडे आदल्या रात्री मुक्काम केला आणि सकाळी तिच्या दारातून घड्याळ लावून निघाले. एका जुन्या वहीत लिहायला सुरुवात केली: घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत किती मिनिटं. स्टेशन ते स्टेशन नाही, दार ते खुर्ची. रिक्षाची रांग, जिना, पूल, गाडी, सीएसएमटीचा सबवे, सगळं धरून.

बदलापूर: २ तास ५ मिनिटं. तिथून सुटणारी गाडी पकडली त्यामुळे बसून गेले, गाडीत एक झोप झाली.

डोंबिवली: १ तास ४२ मिनिटं. पूर्ण वेळ उभी, ठाण्यापर्यंत तर हात वर करून पर्स धरायलाही जागा नाही. पहिल्या दोन गाड्या मी सोडल्या, चढताच आलं नाही. जाताना शेजारच्या बाईंनी सांगितलं की त्या कल्याणच्या बाजूला जाणारी गाडी पकडून तिथून रिटर्न येतात, वेळ जातो पण बसायला मिळतं. आणि संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणारी गाडी मिळाली तर बसून येता येतं, हे दोन्हीकडे सारखंच.

नवऱ्याला दोन्हीकडून ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर, बदलापूरहून जवळपास अर्धा तास जास्त.

बदलापूरचं मला खरंच मनापासून आवडलं होतं, हे सांगायला हवं. आमच्या बजेटच्या आत दोन बेडरूम येत होत्या, ४८ लाख, खिडकीतून डोंगर, हवा इतकी चांगली की लेकीचा खोकला दोन दिवसात थांबला. काळजी एका गोष्टीची होती. ती म्हणजे उल्हास नदीची. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढलं होतं, ते टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी बघितलंय. म्हणून मग आम्ही जिथे जिथे घर बघितलं तिथे किराणा दुकानदाराला आणि वॉचमनला एकच प्रश्न विचारायचो, २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? एजंट सांगणार नाही, किराणावाला सांगतो, कारण त्याचा माल भिजलेला असतो. आणि बिल्डिंगची मीटर रूमही बघा. जुन्या मीटरच्या फळ्या डोक्याच्याही वर नेऊन बसवल्या असतील तर का नेल्या ते विचारा. ही युक्ती मला एका इलेक्ट्रिशियनने सांगितली आणि दोन बिल्डिंगी आम्ही तेवढ्यावरून सोडल्या.

आता खरी गोष्ट. वहीत माझे आणि नवऱ्याचे आकडे भरत होते आणि एका रात्री ते बघताना माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं त्या गावात दिवसाचे जेमतेम दहा-अकरा तास असणार, त्यातले सात झोपेचे. आई तिथे चोवीस तास असणार. आणि त्यांना आम्ही अजून एकदाही नेलं नव्हतं, "नक्की झालं की दाखवू" म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं. आई परळला रोज सकाळी देवळात जायच्या, येताना भाजी, संध्याकाळी भजनी मंडळ, गुडघा दुखला की केईएम चालत. हे सगळं त्या कोणाला न विचारता, कोणाच्या हातापाया न पडता करायच्या.

त्यामुळे जानेवारीत आईंना दोन्हीकडे एकेक पूर्ण दिवस नेलं, आणि काही न दाखवता नुसतं म्हटलं की आई, आज तुम्ही इथल्या आहात असं समजून दिवस काढा. बदलापूरला कॉम्प्लेक्स मोठा, बाग सुंदर, बाकडी होती, हवा त्यांनाही आवडली. पण बाजार लांब, देऊळ लांब, दवाखान्याला रिक्षा, आणि दुपारी रिक्षा लवकर मिळेना. डोंबिवलीत आम्ही पूर्वेला फडके रोडच्या आजूबाजूला फिरलो. आई गणपती मंदिरात गेल्या, बाहेर एका बाईंशी बोलल्या, त्या बाई निघाल्या मूळच्या करी रोडच्या, अर्ध्या तासात दोघींच्या तीन ओळखी निघाल्या. मग आई स्वतःच गिरणी शोधत गेल्या, दळणाचा भाव विचारून आल्या. परत येताना गाडीत म्हणाल्या, "अगं, ते डोंगर छान आहेत गं, पण मला देवळात जायला रोज रिक्षाची वाट बघत उभं राहायचं नाही. खोली एक कमी असली तरी चालेल."

नवऱ्याला हे पटायला आठवडा लागला. दोन बेडरूम सोडून एक बेडरूम घ्यायचा आणि वर सहा लाख जास्त द्यायचे, हे कागदावर चुकीचंच दिसतं. आमच्यात दोनदा भांडण झालं. शेवटी तो स्वतः आईंबरोबर बसला, बोलला आणि मग म्हणाला, डोंबिवली.

डोंबिवली म्हटलं तरी ती एक नाही. एमआयडीसीच्या निवासी विभागात झाडं आहेत, रस्ते रुंद आहेत, दोन फ्लॅट आवडलेही होते. पण आईंना दम्याचा त्रास आणि संध्याकाळी तिथे केमिकलचा वास जाणवला, शिवाय मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट कोणी विसरलेलं नाही. ठाकुर्ली शांत वाटलं पण तिथे फास्ट गाड्या थांबत नाहीत. पश्चिमेला खाडीकडे जरा स्वस्त होतं, पण पावसाच्या पाण्याचं विचारल्यावर उत्तरं पटली नाहीत. मग पूर्वेलाच, शेअर रिक्षाच्या मार्गावर, असं ठरवून शोधलं.

इथे जे झालं ते जरा सविस्तर सांगते. जानेवारीच्या शेवटी एक नवीन बिल्डिंग दाखवली, सात मजली, वन बीएचके ४१ लाख, आजूबाजूपेक्षा १०-१२ लाखांनी कमी. एजंट म्हणाला रेरा नंबर (बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी) आहे, काळजी नको. आम्ही ५१ हजार टोकन दिलं. त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, हायकोर्टाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला होता, आणि त्या प्रकरणातला मुद्दाच हा होता की महापालिकेच्या बनावट परवानग्या लावून रेरा नोंदणी मिळवली गेली होती. म्हणजे रेरा नंबर असणं एवढं पुरेसं नव्हतं. पेपरात वाचलं होतं तरी टोकन देताना ते डोक्यात आलं नाही, भाव बघून घाई झाली. घरी आल्यावर झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वकील बाईंकडे गेलो. त्यांनी महारेराच्या वेबसाइटवरून कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायची परवानगी) डाउनलोड केलं आणि सांगितलं, हे घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा, जावक क्रमांक आणि तारीख त्यांच्या नोंदीशी जुळते का ते विचारा. नवरा दोन वेळा कल्याणला गेला. पहिल्या वेळी संबंधित माणूस साइटवर, दुसऱ्या वेळी अर्ज द्या म्हणाले. माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस. दरम्यान बँकेच्या पॅनलवरच्या वकिलानेच कागद बघून प्रोजेक्टला नाही म्हटलं. आम्ही तेवढ्यावर थांबलो. टोकन परत मिळायला तीन आठवडे आणि पंधरा-वीस फोन लागले. मिळालं कारण पावतीवर आम्ही "बँकेने कर्ज नाकारल्यास पूर्ण परत" असं लिहून घेतलं होतं. ही ओळ तुम्हीही लिहून घ्या. पावती देत नसेल तर पैसे देऊ नका.

त्या घरात आम्ही राहायला गेलो असतो, या विचाराने मला आजही पोटात कालवतं. त्या ६५ बिल्डिंगींमधली कुटुंबं आपल्यासारखीच आहेत, त्यांनीही कर्ज काढलंय.

त्यानंतर ठरवलं की नवीन नको, ओसी असलेलं रिसेल घर घ्यायचं. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि डोंबिवलीत ज्यांच्याकडे ते नाही अशा बिल्डिंगी इतक्या आहेत की एजंटला फोनवरच पहिला प्रश्न ओसीचा करायचा, अर्ध्या चकरा वाचतात. फेब्रुवारीच्या मध्यावर गांधीनगरला एक मिळालं. २००९ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट, कार्पेट ४१० स्क्वेअर फूट, सोसायटी रजिस्टर्ड. मागत होते ५७, ठरलं ५४ लाखांवर. रिसेल आणि ओसी असल्यामुळे जीएसटी नाही. वकील बाईंनी ३० वर्षांचा सर्च काढला, आधीच्या सगळ्या अग्रीमेंटची साखळी, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, प्रॉपर्टी टॅक्सच्या पावत्या, सोसायटीची एनओसी, सगळं तपासलं. विकणाऱ्या काकांचं थोडं कर्ज बाकी होतं, त्यांच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचे ते पत्र) यायलाच बारा दिवस गेले, ते धरून चाला.

मार्चमध्ये एजंट मागे लागला, एक एप्रिलपासून रेडी रेकनर (जागेच्या किमतीचे सरकारी दर) वाढणार, लगेच रजिस्टर करा नाहीतर नुकसान. मी घाबरले. वकील बाई म्हणाल्या, स्टॅम्प ड्युटी रेडी रेकनरची किंमत आणि तुमची खरेदीची किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागते, तुमचे ५४ लाख आधीच सरकारी किमतीच्या वर आहेत, थोडं वाढलं तरी तुम्हाला फरक नाही. रेट खरंच वाढले, पण आम्हाला ती घाई गरजेची नव्हती. तरी बँकेचं सँक्शन लेटर आलेलं होतं म्हणून २४ मार्चची वेळ घेतली.

स्टॅम्प ड्युटीचं एक महत्त्वाचं. कल्याण-डोंबिवली महापालिकेत ७ टक्के लागते, आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, म्हणजे ६. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. आम्ही घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, नवरा कर्जात को-बॉरोअर, ५४ हजार वाचले. माझ्या माहेरी आणि सासरी मिळून स्वतःच्या नावावर घर असलेली मी पहिली बाई आहे हे मला इंडेक्स टू हातात आल्यावर कळलं, त्या आधी डोक्यात फक्त ५४ हजार होते.

आणखी एक, ५० लाख किंवा त्यावर किंमत असेल तर विकणाऱ्याला देताना एक टक्का टीडीएस आपण कापून भरायचा असतो, आमच्या वेळी त्यासाठी फॉर्म २६क्यूबी होता. आमच्या एजंटने हे सांगितलंच नव्हतं, बँकेतल्या मुलीने सांगितलं.

२४ मार्चला दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी साडेदहाला पोचलो, मार्चअखेरची गर्दी, सर्व्हर मधेच बंद, नंबर लागला साडेतीनला. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार आपले आपण न्यायचे. ओरिजिनल आधार, पॅन, डेटा एन्ट्रीचा नंबर, चलनाची प्रिंट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला न्या, मध्ये उठून गेलात आणि नंबर पुकारला तर पंचाईत. विकणारे काका-काकू पण दिवसभर बसून होते, निघताना काकूंनी मला घरातली तुळस ठेवून जाऊ का विचारलं.

बँकेचा चेक ११ एप्रिलला निघाला, १३ ला किल्ली मिळाली. ५४ लाख सोडून वरचा खर्च: स्टॅम्प ड्युटी ३ लाख २४ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, ब्रोकरेज ५४ हजार, वकील १५ हजार, बँकेची प्रोसेसिंग वगैरे १४ हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी (याला २५ हजारांची कमाल मर्यादा आहे, त्यापेक्षा मागितले तर विचारा) आमच्या वाटची साडेबारा हजार, रंग आणि ग्रिल ८५ हजार, टेम्पो आणि माणसं साडेसोळा हजार. मिळून साडेपाच लाख. कर्ज ४२ लाख, २० वर्षं, हप्ता साडेछत्तीस हजार, म्हणजे भाड्यापेक्षा साडेसहा हजार जास्त.

अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, आईंनी कलश ठेवला आणि १ मेच्या सुट्टीला सामान हललं. परळची खोली रिकामी झाल्यावर आई उंबऱ्यावर बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. टेम्पोवाला थांबून होता, आम्ही कोणी त्यांना उठवलं नाही.

लेकीचा दाखला एप्रिलच्या निकालाबरोबरच मागून घ्या, मेमध्ये शाळेचं ऑफिस कधी उघडं कधी बंद. वीजबिलावर नाव बदलणं महावितरणच्या वेबसाइटवर झालं, बेस्टचं परळचं डिपॉझिट घरमालकांच्या नावावर होतं त्यामुळे तो प्रश्न नव्हता. आधारचा पत्ता इंडेक्स टू लावून बदलला, मतदार यादीसाठी फॉर्म ८.

२०२५ चा पाऊस २६ मेलाच मुंबईत आला आणि आमच्या गल्लीत पाणी साठलं नाही, किराणावाल्याने खरं सांगितलं होतं. पण ९ जूनची सकाळ लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेली माणसं पडली, जीव गेले. मी त्याच्या आधीच्या कुठल्या तरी गाडीने ऑफिसला पोचले होते. आईंचे सात मिस्ड कॉल. त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर मी साहेबांना मेल लिहिली, अकरा ते सात अशी वेळ मागितली, दोन आठवड्यांनी मिळाली. आता नऊनंतरची गाडी पकडते, गर्दी असते पण आत उभं राहता येतं, दार ते खुर्ची १ तास ३५. तुम्ही कल्याणच्या आसपास कुठेही घर बघत असाल तर ऑफिसात वेळ बदलून मिळेल का हे घर घेण्याआधी विचारा, मी ते नंतर विचारलं.

आईंना फडके रोडजवळचं भजनी मंडळ मिळालंय, मंगळवार आणि शुक्रवार. केईएमला अजून महिन्यातून एकदा जातात, तिथल्याच डॉक्टरांवर विश्वास आहे, मी त्या दिवशी त्यांना माझ्याबरोबर साडेनऊच्या गाडीने नेते आणि परळला उतरवते. रेशनकार्डाचं तेवढं बाकी आहे, परळहून नाव कमी केल्याचा कागद मिळालाय, इथल्या शिधावाटप कार्यालयात पुढच्या मंगळवारी बोलावलंय, नवरा अर्धी रजा टाकून जाणार आहे.